धूर दिसतो, दाब दिसत नाही

अमेरिकेतल्या नेवाडा राज्यात ब्लॅक रॉक नावाचं वाळवंट आहे. एका प्राचीन सरोवराचा सुकलेला, भेगाळलेला, सपाट तळ तिथे कोसच्या कोस पसरला आहे. पोटापाण्याचा धंदा काही वेगळाच असलेली आणि रॉकेटच्या वेडाने झपाटलेली माणसं इथे गाड्या भरभरून जमतात. 17 मे 2004 रोजी इथूनच ‘गोफास्ट’ नावाचं रॉकेट सुटलं आणि सुमारे 116 किलोमीटर उंची गाठून आलं. हौशी मंडळींनी बांधलेलं रॉकेट अवकाशाची वेस ओलांडून गेल्याची ती पहिलीच वेळ.

लांब उभ्या असलेल्या माणसाला उड्डाणातलं काय दिसतं? आधी ठिणगी, मग धुराचा लोट, जरा उशिरा पोचणारा आवाज आणि आभाळात चढत गेलेली पांढरी रेघ. ज्या गोष्टीमुळे हे सगळं घडतं ती मात्र कोणालाच दिसत नाही. घन इंधनावर चालणाऱ्या रॉकेटच्या इंजिनाला या मंडळींत मोटर म्हणतात. अ‍ॅल्युमिनिअमच्या नळीत, मधोमध आरपार भोक असलेले इंधनाचे ठोकळे एकावर एक रचलेले असतात. ते आतून बाहेर जळत जातात आणि त्यांतून निघणारा वायू नोझलच्या अरुंद गळ्यातून सुसाट बाहेर पडतो. आतलं तापमान अडीच-तीन हजार अंशांच्या घरात असतं, आणि दाब बहुधा 400 ते 1,000 पीएसआय, म्हणजे बाहेरच्या हवेच्या दाबाच्या 27 ते 68 पट.

या बंद नळीतल्या आगीविषयी जे काही सांगितलं जातं ते कशाच्या बळावर? काही हौशी रॉकेटवाले आता मोटरच्या वरच्या झाकणाला दाबाचा सेन्सर बसवतात, शेजारी छोटी इलेक्ट्रॉनिक पाटी ठेवतात आणि उड्डाणाच्या प्रत्येक क्षणाचा दाब नोंदवून घेतात. काम कारागिरीचं आहे, पण त्यात तत्त्वज्ञानातला एक फार जुना प्रश्न दडलेला आहे. न दिसणारी गोष्ट ‘कळली’ असं कधी म्हणायचं? आणि यंत्राने सांगितलेला आकडा पाहिलेला मानायचा, ताडलेला मानायचा, की कोणाच्या तरी शब्दावर विश्वास ठेवून घेतलेला?

भारतीय तर्कशास्त्रातलं सगळ्यांत घासून गुळगुळीत झालेलं उदाहरण नेमकं याच पेचाचं आहे. डोंगरावर धूर दिसतो, आग दिसत नाही. तरी तिथे आग आहे असं माणूस खात्रीने म्हणतो. स्वयंपाकघरात त्याने धूर आणि आग एकत्र पाहिलेली असतात. सरोवरावर आग नसते आणि तिथे धूरही निघताना त्याने कधी पाहिलेला नसतो. दोन्ही बाजूंच्या अनुभवातून ‘जिथे धूर तिथे आग’ ही व्याप्ती पक्की होते. सतराव्या शतकात अन्नंभट्टाने ‘तर्कसंग्रह’ या छोटेखानी पुस्तकात हे नव्या विद्यार्थ्यांसाठी मांडलं. 1897 साली मुंबईच्या संस्कृत ग्रंथमालेत आठल्ये आणि बोडस यांनी त्याची जी आवृत्ती काढली, ती अभ्यासकांना अजून उपयोगी पडते. रॉकेटच्या इंधनाचा विषयही मराठी वाचकाला परका नाही. थुंब्याच्या विक्रम साराभाई अवकाश केंद्राचे संचालक राहिलेले वसंत गोवारीकर घन इंधनाचेच जाणकार होते, आणि अशा इंधनांवर काम करणारी संरक्षण खात्याची प्रयोगशाळा पुण्यात सुतारवाडीला आहे. नैयायिकांचा, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांचा, डोंगर आणि रॉकेटची मोटर एकत्र वाचायला म्हणूनच कसली ओढाताण करावी लागत नाही.

रॉकेटच्या बाबतीत धूर हा मोठा फसवा साक्षीदार आहे. पांढरी दाट रेघ उमटते ती बरीचशी इंधनातल्या अ‍ॅल्युमिनिअमची भुकटी जळून झालेल्या ऑक्साइडमुळे. पुष्कळ मोटरींत मुख्य इंधन संपल्यावरही एक वेगळी वडी सावकाश जळत राहते. तिचं काम रेटा देण्याचं नसतं. पॅराशूट बाहेर टाकायची वेळ येईपर्यंत अवधी मोजायचा आणि रॉकेट नजरेला सापडावं म्हणून धूर सोडत राहायचं, एवढंच. त्या काळात रॉकेट आधी मिळालेल्या वेगावर वर चाललेलं असतं. धूर पाहून ‘मोटर अजून ढकलते आहे’ असं म्हणणारा माणूस साफ चुकतो. नैयायिकांना चुकीची ही जात ठाऊक होती; धुक्याला धूर समजून आग ताडणारा माणूस त्यांच्या ग्रंथांत सदोष हेतूचं उदाहरण म्हणून येतो. उलट बाजूही त्यांनी सांगून ठेवली आहे. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात आग असते, धूर नसतो. फार कमी धूर सोडणारी इंधनंही रॉकेटवाल्यांकडे आहेत.

मग आतल्या आगीची सगळ्यांत जवळची खूण कोणती? दाब. ते का, हे कळायला आत काय चालतं ते थोडं पाहावं लागतं. कुकरमध्ये वाफ किती तयार होते आणि शिट्टीखालून किती निसटते यांचा मेळ बसला की आतला दाब एका जागी टिकतो. मोटरीतही तसाच मेळ बसतो, पण एक धोक्याची गोष्ट जास्त असते: दाब वाढला की इंधन आणखी वेगाने जळतं. फ्रेंच रसायनज्ञ पॉल व्हिएय यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा संबंध सूत्रात बसवला. जळण्याचा वेग दाबाच्या कुठल्या तरी घाताप्रमाणे वाढतो, आणि मोटर शाबूत राहायची तर तो घातांक एकाहून कमी असावा लागतो. घातांक 0.4 असेल आणि जळणारा पृष्ठभाग 10 टक्क्यांनी वाढला, तर दाब सुमारे 17 टक्क्यांनी वाढतो. तोच घातांक 0.8 असेल तर 61 टक्क्यांनी. ठोकळ्याला नुसता तडा गेला तरी जळायला नवा पृष्ठभाग मिळतो. एखादी मोटर शांतपणे जळते आणि तशीच दिसणारी दुसरी उडताक्षणी फुटते, त्यामागे पुष्कळदा हे गणित असतं.

जळणं कुठे संपतं आणि स्फोट कुठे सुरू होतो, हा प्रश्न अमेरिकेत न्यायालयातही गेला. या इंधनाला सरकारने स्फोटकांच्या यादीत घातलं होतं. हौशी रॉकेटवाल्यांच्या दोन राष्ट्रीय संघटनांनी 2000 साली त्याविरुद्ध दावा लावला आणि 2009 साली निकाल त्यांच्या बाजूने लागला. वादाचा कणा होता तो हे इंधन किती वेगाने जळतं आणि सरकारने कुठल्या मोजमापावर त्याला स्फोटक ठरवलं, हाच. ज्ञानाची साधनं कोणती, हा प्रश्न कधीकधी असा वकिलांच्या हातात जातो.

बाजारात मिळणाऱ्या मोटरीवर ‘के 550’ अशी खूण असते. ‘के’ हे अक्षर एकूण आवेगाचा गट सांगतं. प्रत्येक पुढच्या अक्षराला आवेगाची मर्यादा दुप्पट होते, आणि ‘के’ म्हणजे 1,280 ते 2,560 न्यूटन-सेकंद. 550 हा सरासरी रेटा, न्यूटनमध्ये. हे आकडे येतात जमिनीवरून. मोटर भक्कम चौकटीत आवळतात, पेटवतात आणि तिचा जोर भारमापकावर मोजतात. म्हणजे मोजलेली मोटर जाग्यावर उभी होती आणि उडणारी मोटर, तीच मापं असली तरी, दुसरी आहे. जमिनीवर जे झालं तेच आकाशात होईल, ही व्याप्ती कोणी सिद्ध केली?

इथे न्यायशास्त्रातली उपाधीची कल्पना फार कामाची आहे. ‘जिथे आग तिथे धूर’ हे विधान खोटं पडतं, कारण धूर यायला नुसती आग पुरत नाही, सर्पण ओलं असावं लागतं. ओलेपणा ही उपाधी. चुलीजवळ आयुष्य गेलेल्या माणसाला ती दिसतही नाही, कारण त्याचं सर्पण नेहमीच थोडंफार ओलं असतं. न सांगितलेली, न दिसलेली एखादी अट नियमाला आतून धरून ठेवते, आणि ती अट सुटली की नियम गळून पडतो. जमिनीवरच्या चाचणीला अशा किती अटी चिकटलेल्या असतील? उडणाऱ्या मोटरीवर गुरुत्वाकर्षणाच्या वीस-तीस पट त्वरण येतं. रॉकेट स्वतःभोवती गरगर फिरत असेल तर जळत्या अ‍ॅल्युमिनिअमचे थेंब बाहेरच्या बाजूला फेकले जाऊन इंधनाच्या पृष्ठभागावर दाबले जातात आणि जळण्याचा वेग वाढतो. रॉकेट वर जाईल तशी बाहेरची हवा विरळ होते, आणि आतला दाब तोच राहिला तरी रेटा थोडा वाढतो. पहाटेच्या थंडीत गारठलेलं इंधन दुपारी तापलेल्या इंधनापेक्षा हळू जळतं. हौशी रॉकेटमध्ये दाब नोंदवणारी पाटी बसवणं म्हणजे या उपाध्यांचा शोध घेणं होय. यातल्या बऱ्याचशा गोष्टी किरकोळ निघतील. पण किरकोळ आहेत हे सांगायलाही कोणी तरी आत जाऊन पाहायला हवं.

आणि आत जाणं सोपं नाही.

मोटरच्या वरच्या झाकणाला छिद्र पाडून त्यात आटे पाडतात आणि सेन्सरची नळी पिळून बसवतात. छिद्र पाडलं की झाकण तेवढं कमकुवत झालं, आणि वायू निसटायला एक नवी वाट तयार झाली. ती वाट उघडी पडली तर आगीचा झोत वर जातो, तिथे नेमकी इलेक्ट्रॉनिक्स असतात, आणि त्याच्याही वर पॅराशूट. पाहण्यासाठी केलेली व्यवस्था पाहायच्या वस्तूलाच धोक्यात टाकते. सेन्सरचा पोलादी पडदा तीन हजार अंशांच्या वायूसमोर टिकणार नाही, म्हणून मधल्या नळीत सिलिकॉनचं ग्रीस ठासून भरतात. आग ग्रीसपाशी थांबते आणि दाब तेवढा पुढे जातो. आता हे ग्रीसही साधं नाही. नळी 5 सेंटिमीटर लांब असेल आणि रॉकेट गुरुत्वाकर्षणाच्या 30 पट त्वरणाने वर जात असेल, तर ग्रीसचा तो इवलासा स्तंभ मागे रेलतो आणि वरच्या सेन्सरला खऱ्यापेक्षा सुमारे 2 पीएसआय कमी दाब लागतो. पाचशे-सहाशेच्या मानाने दोन म्हणजे काहीच नाही. पण जमिनीवरच्या चाचणीत हा फरक असणारच नव्हता. उपाधी शोधायला नेलेल्या साधनालाच एक उपाधी चिकटली!

या सेन्सरमधली आणखी एक व्यवस्था जवळून पाहण्यासारखी आहे. पाच व्होल्टवर चालणारे सर्रास वापरातले दाबाचे सेन्सर शून्य दाबाला शून्य व्होल्ट देत नाहीत, अर्धा व्होल्ट देतात. आणि कमाल दाबाला साडेचार. असं का? शून्य दाबाला शून्य व्होल्ट असते, तर ‘दाब नाही’ आणि ‘तार तुटली आहे’ या दोन बातम्या अगदी सारख्या दिसल्या असत्या. अर्धा व्होल्ट येतो आहे तोवर साधन जिवंत आहे, तारा जोडलेल्या आहेत, आणि अशा जिवंत साधनाला दाब जाणवत नाही म्हणजे दाब खरोखर नाही, असं म्हणता येतं. कुमारिल भट्टांच्या मीमांसेत अनुपलब्धी हे वेगळं प्रमाण मानलं आहे: टेबलावर भांडं नाही, हे कळतं ते भांडं न दिसल्यामुळे. परंतु पुढच्या पंडितांनी त्याला एक कडक अट घातली. भांडं तिथे असतं तर ते दिसलंच असतं, इतका उजेड हवा, डोळे शाबूत हवेत. अंधारात भांडं दिसलं नाही, एवढ्यावरून ते नाही असं ठरत नाही. सेन्सरचा अर्धा व्होल्ट म्हणजे या अटीतला उजेड आहे. मीमांसकांनी शब्दांत घातलेली अट इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी आपल्या गरजेतून तांब्याच्या तारेत उतरवली, आणि दोघांना एकमेकांची गंधवार्ता नव्हती. माणसाची बुद्धी खऱ्या अडचणीपाशी पोचली की निरनिराळ्या वाटांनी एकाच उपायाकडे येते, असं इथे निःसंकोच म्हणता येतं.

आता आकड्याकडे वळू. उड्डाणानंतर रॉकेट शोधून आणतात, पाटी संगणकाला जोडतात आणि पडद्यावर उमटतं: 612.4. हे काय आहे? प्रत्यक्ष म्हणावं तर इंद्रियाचा विषयाशी संबंध आलेला नाही. दाबाने ग्रीस ढकललं, ग्रीसने पडदा वाकवला, पडद्यावरच्या जाळीचा विद्युतरोध बदलला, त्यातून व्होल्टेज बदललं, ते संख्येत उतरलं आणि त्या संख्येला कोणी तरी ठरवलेल्या सूत्राने पीएसआयचं रूप दिलं. प्रत्येक पायरीवर एक अनुमान आहे, आणि प्रत्येक अनुमानामागे एक व्याप्ती. शिवाय सूत्रातले आकडे सेन्सर बनवणाऱ्याच्या कागदावरून घेतलेले, म्हणजे तिथे शब्दप्रमाणही आलं. न्यायशास्त्रात आप्त म्हणजे ज्याला गोष्ट ठाऊक आहे आणि जशी आहे तशी सांगायची ज्याची इच्छा आहे तो. सेन्सरला इच्छा नसते. इच्छा असते ती कागद लिहिणाऱ्याला. तेव्हा ‘यंत्राने दाखवलं’ असं जे सहज बोललं जातं, त्यात प्रत्यक्षाचा वाटा अगदी थोडा आहे. डोळ्यांनी पाहिलेलं एवढंच की पडद्यावर काही अंक होते.

त्या अंकांतला दशांश चिन्हापुढचा चार तर फारच मोहात पाडणारा. 1,000 पीएसआयपर्यंतचा सेन्सर असेल आणि व्होल्टेजचे 4,096 भाग पाडणारी पाटी असेल, तर एक भाग सुमारे 0.3 पीएसआयचा पडतो. म्हणून संगणक दशांशापर्यंत आकडा देऊ शकतो. पण सेन्सर बनवणारा जर कमाल मापाच्या एक टक्का अचूकतेचीच हमी देत असेल, तर 612.4 चा प्रामाणिक अर्थ ‘602 ते 622 यांच्या दरम्यान’ एवढाच आहे. पाटीची नजर बारीक, सेन्सरचं ज्ञान जाड. नोंदीच्या गतीचंही तसंच. मोटर पेटताना दाबाची जी उसळी येते ती कधीकधी सेकंदाच्या शंभराव्या हिश्श्यांत येऊन जाते. सेकंदाला 20 वेळा नोंद घेणारी पाटी दोन नोंदींच्या मधल्या फटीत ती गमावू शकते, आणि आलेख मात्र गुळगुळीत, निर्दोष दिसतो.

सेन्सर खरा आहे हे कशावरून? त्याला माहीत असलेल्या दाबावर लावून पाहिला म्हणून. तो दाब खरा कशावरून? दट्ट्यावर मोजलेली वजनं ठेवून निर्माण केला म्हणून. वजनं खरी कशावरून? ती आणखी वरच्या प्रमाण वजनांशी ताडून पाहिली म्हणून. ही साखळी पूर्वी पॅरिसजवळ जपून ठेवलेल्या धातूच्या दंडगोलापाशी थांबत असे. 20 मे 2019 पासून किलोग्रॅमची व्याख्या प्लांकच्या स्थिरांकावर टेकवली आहे. अनवस्था दोष तो हाच. प्रत्येक ज्ञानाला दुसऱ्या ज्ञानाचा आधार मागत गेलं तर माणूस कधीच कुठे पोचणार नाही.

या प्रश्नावर न्याय आणि मीमांसा यांचं शतकानुशतकं भांडण झालं. नैयायिक म्हणतात, ज्ञान खरं आहे हे त्या ज्ञानावरून कळत नाही, बाहेरून कळतं. पाणी समजून पुढे गेलात आणि तहान भागली, तर ते मृगजळ नव्हतं. मीमांसक म्हणतात, ज्ञान आलं की ते खरं धरूनच चालावं लागतं. ते सोडायचं दोनच कारणांनी, एकतर त्याला खोडणारं दुसरं ज्ञान आलं, किंवा ज्या साधनाने ते आलं त्यात दोष सापडला. आणि तपासाची साखळी किती लांबवायची? कुमारिलांचं उत्तर आश्चर्य वाटावं इतकं व्यवहारी आहे: तीन-चार ज्ञानांच्या पलीकडे जावं लागत नाही. रॉकेटच्या पोटातही साक्षीदार साधारण तेवढेच असतात. दाबाचा सेन्सर, त्वरणमापक, हवेच्या दाबावरून उंची सांगणारा मापक आणि जीपीएस.

हे साक्षीदार एकमेकांना तपासतात ती रीत सुंदर आहे. त्वरणमापकाला जो आकडा लागतो त्यात मोटरचा रेटा, हवेचा विरोध आणि दर क्षणी घटणारं वजन असे तिघं मिसळलेले असतात. एकट्या त्या आकड्यावरून रेटा वेगळा काढता येत नाही. आतला दाब आणि नोझलच्या गळ्याचं क्षेत्रफळ ठाऊक असेल तर रेटा वेगळ्या वाटेने काढता येतो, आणि मग दोहोंच्या फरकातून हवेचा विरोध हाती लागतो. यातही अडचण आहेच, कारण जळताना गळा झिजून रुंदावू शकतो. पण दोन स्वतंत्र वाटांनी आलेली उत्तरं जुळली तर विश्वासाला जागा आहे, न जुळली तर कुठे तरी दोष आहे. या बाबतीत नेवाडातले हौशी लोक कुमारिलांच्या बाजूने उभे दिसतात: आकडा आला की तो धरून चालायचं, पण त्याला खोडू शकेल असा दुसरा साक्षीदार स्वतःच्याच हाताने शेजारी बसवून ठेवायचा.

किती प्रामाणिकपणे बोलता येतं याचं एक उदाहरण न्यू मेक्सिकोतलं. 21 एप्रिल 2019 रोजी युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्नियाच्या विद्यार्थ्यांनी ‘ट्रॅव्हलर 4’ उडवलं. त्यांनी जाहीर केलेली उंची 3,39,800 फूट, कमीजास्त 16,500 फूट. अवकाशाची वेस मानली जाणारी शंभर किलोमीटरची कारमान रेषा 3,28,084 फुटांवर येते. म्हणजे खालच्या टोकाचा हिशेब धरला तर रॉकेट रेषेच्या अलीकडेच राहिलं असण्याची शक्यता उरते. विद्यार्थ्यांनी ती लपवली नाही. रेषा ओलांडल्याची 90 टक्के खात्री आहे असं सांगितलं. विक्रमाच्या बातमीत ‘कमीजास्त’ लिहायला धैर्य लागतं. त्याच विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांच्या ‘आफ्टरशॉक 2’ने 20 ऑक्टोबर 2024 रोजी ब्लॅक रॉकवरून सुमारे 4,70,000 फूट गाठले, तेव्हा रेषेबद्दल शंकाच उरली नाही.

ज्याला हा सगळा हौशी मंडळींचा सोपस्कारी खटाटोप वाटेल त्याने 28 जानेवारी 1986 चा दिवस आठवावा. चॅलेंजर यानाच्या उड्डाणाच्या आदल्या रात्री दूरध्वनीवर बैठक झाली. बूस्टर मोटरींच्या सांध्यांतली रबरी कडी थंडीत ताठरतात, उड्डाण करू नका, असं मोटर बनवणाऱ्या कंपनीचे इंजिनिअर सांगत होते. त्यांच्या हातात होत्या त्या कडी जळाल्याच्या घटना, आणि त्या थंड दिवशीही घडल्या होत्या आणि उबदार दिवशीही. त्यामुळे थंडीशी संबंध सिद्ध होत नाही, असं उत्तर मिळालं. चौकशी आयोगाने पुढे दाखवलं की ज्या उड्डाणांत काहीच बिघडलं नव्हतं ती कोणी आलेखावर मांडलीच नव्हती. ती मांडल्यावर चित्र लख्ख झालं. कड्यांचं तापमान 66 अंश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त असताना झालेल्या 20 उड्डाणांपैकी फक्त 3 मध्ये कड्यांना इजा झाली होती. 63 अंश किंवा त्याखाली झालेल्या चारही उड्डाणांत ती झाली होती. नैयायिकांच्या भाषेत, अन्वय पाहिला गेला, व्यतिरेक पाहिला गेला नाही. स्वयंपाकघर मोजलं, सरोवर विसरलं. दोन्ही बाजू पाहिल्याशिवाय व्याप्ती ठरत नाही, हा पाठशाळेतला पहिला धडा त्या रात्री मोडला गेला.

आणि त्या मोटरींत दाबाचे सेन्सर होते. उड्डाणानंतर 59 सेकंदांच्या आसपास उजव्या बूस्टरच्या सांध्याजवळ ज्वाळा दिसू लागली, ती चित्रफितीत सापडली. त्याच सुमारास त्या मोटरीतला दाब डावीपेक्षा कमी पडू लागला. गळती वाढते आहे याची ती साक्ष होती, आणि ती रेडिओवरून जमिनीवर पोचतही होती. 73 व्या सेकंदाला यान विखुरलं. सात जण गेले. दाबाने सांगितलेलं खरं होतं, वेळेवरही होतं, पण त्या ज्ञानावर करण्यासारखी कृती कोणाच्याच हातात उरली नव्हती. ज्ञानाची कसोटी कृतीच्या यशात आहे असं म्हणणाऱ्या नैयायिकापुढे हा प्रसंग ठेवला तर त्याला विचार करावा लागेल. ते ज्ञान कसल्याही यशाशिवाय खरं होतं.

मग शंका किती काढायची? चार्वाकाचा आक्षेप असा की पाहिलेल्या शंभर डोंगरांवरून न पाहिलेल्या एकशेएकाव्याबद्दल काहीही सिद्ध होत नाही. आणि सिद्ध होतं म्हणायला पुन्हा अनुमानच वापरावं लागतं. युरोपात डेव्हिड ह्यूमने अठराव्या शतकात हाच पेच मांडला. दहाव्या शतकातल्या उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’त याला दिलेलं उत्तर असं की शंका माणसाच्या स्वतःच्या वागण्याला छेद देते तिथे ती थांबते. उदाहरणार्थ, धुरासाठी जो निमूट आग पेटवतो, त्याने आग-धुराच्या संबंधावर शंका आहे असं म्हणण्यात अर्थ नाही. उत्तर वजनदार आहे, पण चॅलेंजरच्या आदल्या रात्री ते घातक ठरलं असतं, कारण तिथे वागणं आधीच ठरलेलं होतं आणि शंकेनेच त्याला छेद द्यायला हवा होता. उदयनाचार्यांचा युक्तिवाद घाबरट संशयाला लागू पडतो. डोळ्यांसमोरच्या विशिष्ट दोषाकडे बोट दाखवणाऱ्या शंकेला तो लागू करता कामा नये, आणि हा फरक सांभाळणं हेच शहाणपणाचं निम्मं काम आहे. प्रक्षेपणाच्या मैदानावर म्हणूनच कोणालाही उड्डाण थांबवण्याची मुभा असावी लागते, आणि मोठ्या मोटरी उडवण्याआधी पायरीपायरीने परवाने घ्यावे लागतात: एच आणि आय गटांसाठी पहिला, जे ते एलसाठी दुसरा, एम आणि पुढच्यांसाठी तिसरा.

एक अडचण मात्र अजून सुटलेली नाही. दाबाच्या नोंदींतल्या सगळ्यांत मोलाच्या नोंदी फुटलेल्या मोटरींच्या, आणि मोटर फुटते तेव्हा पुष्कळदा पाटीही तिच्याबरोबर जाते. नोंद ठेवणाऱ्या चिपमध्ये आकडे उतरायच्या आत वीज तुटते, किंवा एकमेकांशी न जुळणारे तुकडे वाळवंटात सापडतात. हाती उरतो तो नीट जळलेल्या मोटरींचा ढीग, म्हणजे चॅलेंजरच्या आदल्या रात्रीच्या दोषाच्या नेमका उलटा दोष: सरोवरं भरपूर, आगीची खबर नाही. यावर काही जण आकडे जागच्या जागी न साठवता रेडिओने खाली पाठवतात. काही जण प्रत्येक नोंद ताबडतोब चिपमध्ये कायमची लिहितात आणि त्यासाठी नोंदीची गती कमी करतात; गती कमी केली की ती पहिली उसळी पुन्हा फटीत निसटण्याचा धोका वाढतो. पाटी मोटरपासून लांब, नाकाच्या टोकाशी ठेवावी तर तारा लांबतात आणि त्यांत बाहेरचा विद्युत गोंधळ शिरतो. कोणती चूक पत्करायची, हे ज्याने त्याने आपल्याला काय जाणून घ्यायचं आहे ते पाहून ठरवायचं असतं, आणि नोंदवहीत त्या निवडीसकट लिहून ठेवायचं असतं.